साडेअकरा इंची बाहुलीचे कपडे: कंबरेला गाठोडं का होतं, आणि ६० कपडे ठेवायचे कसे?

सुईचंनाक
२९ सेंमीच्या (साडेअकरा इंची) व्हायनिल फॅशन बाहुलीसाठी कपडे शिवते आहे. बेत (कापडावर आखलेले तुकडे) मापात बसतो, पण शिवून झाल्यावर फ्रॉक कंबरेला फुगतो आणि मागे बंद होत नाही. कापड साधं कॉटन, अस्तरही त्याच कापडाचं, घागऱ्याला अडीचपट चुण्या, शिवणीला ६ मिमी माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड). गळ्याची दुमड उभी राहते. मशीनवर शिवण सुरू करतानाच कापड खालच्या भोकात ओढलं जातं. तिसरं म्हणजे गडद निळा ड्रेस काढला तर बाहुलीच्या पोटावर निळसर छटा राहिली आहे. सध्या ६० कपडे मऊ पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटांत आहेत, त्यांतली काही आतून चिकट लागतात. कुठे चुकतंय?

उरेबपट्टी
ताई, बाहुली माणसापेक्षा सहापट लहान झाली, कापडाची जाडी मात्र तेवढीच राहिली. ०.३ मिमी जाडीचं कॉटन तिच्या अंगावर १.८ मिमीचं, म्हणजे जवळपास घोंगडं. तुमच्या कंबरेवर चोळी, अस्तर, दोघांची आत दुमडलेली माया आणि वर घागऱ्याच्या चुण्या असे थर आहेत. चुण्या बाजूला ठेवून पाचच थर धरले तरी जाडी १.५ मिमी होते. घेर जाडीच्या सव्वासहापट वाढतो, म्हणजे ९ सेंमीच्या कंबरेवर वरच्या थराला ९ मिमी जास्त कापड लागतं. बेतात ते कुठे धरलंय? मागचं बटण लागत नाही ते यामुळेच.

आधी कापड बदला. मलमल, लॉन, वॉईल, पातळ रेशीम चालतं. अस्तर त्याच कापडाचं नको, मऊ बारीक जाळीचं घ्या. जाळीच्या दशा सुटत नाहीत, त्यामुळे तिची कड दुमडावी लागत नाही आणि दोन थर तिथेच वाचतात. छपाईचं कापड असेल तर १ सेंमीचं फूल बाहुलीवर ६ सेंमीचं दिसेल, म्हणून २ मिमीच्या आतली नक्षी शोधा.

चुण्या मलमलीला दुप्पट, त्याहून जाड कापडाला दीडपट पुरे. खरं तर अशा कंबरेला गोल घागरा बरा, चुण्यांची भानगडच नाही. आतल्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे कंबर भागिले ६.२८. मागे एकावर एक येणाऱ्या पदराचे ६ मिमी धरून ९.६ सेंमी असेल तर सुमारे १.५ सेंमी. पण ३ मिमी माया धरली तर शिवण कापलेल्या कडेपासून तेवढी आत पडते, म्हणून त्रिज्या १.२ सेंमीच कापायची. हे विसरलं की घागरा कंबरेपेक्षा मोठा होतो आणि मग सगळे नाइलाजाने चुण्या घालतात.

गळ्यासाठी युक्ती अशी: कापून शिवू नका, शिवून कापा. अस्तराच्या न कापलेल्या तुकड्यावर गळ्याची रेघ काढा, खाली मुख्य कापड सुलट बाजू वर करून ठेवा, रेघेवरून शिवा, मग ३ मिमी माया ठेवून कापा आणि वळणावर दर ३-४ मिमीला चीर द्या. चीर टाक्यापासून एक धागा अलीकडे थांबली पाहिजे. अलीकडे जास्त राहिलं तर गळा ओढल्यासारखा दिसतो, पुढे गेलं तर भोक पडतं. उलटवल्यावर इस्त्री झालीच पाहिजे. नुसत्या नखाने दाबलेला गळा उभाच राहतो. लहान इस्त्री नसेल तर केस सरळ करण्याचं यंत्र कमी तापमानावर चालतं.

शिवण्याचा क्रम असा ठेवा: खांदे, गळा, बाहीची खालची दुमड, बाही मुंढ्याला (चोळीच्या बाहीच्या भोकाला) सपाट असतानाच जोडायची, मग बाहीच्या टोकापासून कंबरेपर्यंत बाजूची शिवण एका दमात. मोठ्यांच्या कपड्यासारखी बंद बाही बंद मुंढ्यात बसवायला गेलात तर एवढ्याशा घेरात सुई फिरायला जागाच नाही. कंबर जोडून झाली की माया २-३ मिमीवर छाटून वर, चोळीच्या बाजूला दाबा.

मागची उघड नितंबांपर्यंत ठेवा. बाहुलीचे हात आत वळत नाहीत, उघड कंबरेपर्यंतच असेल तर घालताना शिवण उसवते. बाहीचा घेर अंगठ्यासकट पंजा जाईल एवढा हवा. घालताना पंजावर पातळ प्लास्टिकची टोपी चढवा, बोटं दोऱ्यात अडकत नाहीत.

चौदानंबरनको
मशीनचं सांगतो. सुई ९ नंबरची (६५), नवी. ११ चालते, १४ ने मलमलीला खड्डे पडतात. टाका १.५ मिमी. बारीक म्हणून १ मिमी करू नका: कापड पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं टोचत जातं, आणि उसवायची वेळ आली तर उसवताच येत नाही.

कापड भोकात जाण्याचं कारण झिगझॅग प्लेट, म्हणजे सुईखालची धातूची पट्टी. तिचं भोक आडवं, रुंद असतं. सरळ शिवणीची एकभोकी प्लेट बसवली की निम्मा त्रास संपला. त्या प्लेटवर झिगझॅग चुकूनही लावू नका, सुई मोडते. ती प्लेट मिळत नसेल तर कापडाखाली पातळ टिश्यू कागद ठेवून शिवा, मग टाक्याच्या रेषेत फाडून काढा. शिवण आधी एखाद्या चिंधीवर सुरू करा आणि न थांबता बाहुलीच्या कापडावर चढा, शेवटी परत चिंधीवर उतरा. सुरुवातीला दोन्ही दोरे मागे धरायचे. उलट टाके मारून गाठ करू नका, तिथे गोळा होतो. दोरे हाताने बांधा.

माया शेवटीही ३ मिमीच राहणार असली तरी शिवताना ६ ठेवून नंतर छाटणं सोपं. कापड पुढे सरकवणाऱ्या मशीनच्या दात्यांना पकडायला काहीतरी हवं ना! दशा सुटणाऱ्या कापडाला कड-पक्की करणारं द्रव आधी चिंधीवर लावून पाहा. रेशमावर ते गडद डाग सोडतं आणि सुकल्यावर कड कडक होते.

बंद करायला ५ मिमीची टिचबटणं तीन, किंवा बारीक हूक आणि दोऱ्याचं घर. दोऱ्याचं घर सगळ्यात पातळ. चिकटपट्टी (खरखरीत-मऊ जोडी) ३ मिमी रुंद कापून लावता येते, पण जाड पडते आणि खरखरीत बाजू केसांत व जाळीत अडकते. मी तरी ती जॅकेटपुरतीच ठेवतो.

सुईचंनाक
एकभोकी प्लेट शोधते. गोल घागऱ्याचं गणित कागदावर करून पाहिलं, बसतंय. डाग आणि पाकिटांचं कुणी सांगेल का?

डबाबंद
दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मऊ व्हायनिल म्हणजे पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य, प्लास्टिसायझर. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. तुमची पाकिटं चिकट झाली ती त्यामुळे, आणि गडद कापडातला सुटा रंग व्हायनिलमध्ये मुरतो त्यालाही तेच मदत करतं. उष्णता आणि दमट हवेत वेग वाढतो. खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून खड्डा पडतो, तोच प्रकार. म्हणून मऊ बूट पायात चढवून किंवा कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात नुसते टाकून ठेवू नका, डब्याचा तळ वितळल्यासारखा होतो.

पाकिटं आजच बदला. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन हवं. ओळखायचं असं: लहान तुकडा कापून पाण्यात बुडवा, बुडबुडे झटका. तरंगला तर ही दोन. बुडाला तर पीव्हीसी असू शकतं, वापरू नका. नव्या रेनकोटासारखा वास आला तर पाण्याचीही गरज नाही.

गडद कापड बेतण्याआधी धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. मग ओल्या पांढऱ्या कापडात दाबून दहा मिनिटं ठेवा. पांढऱ्यावर रंग उतरला तर ते कापड अस्तराशिवाय वापरायचं नाही, आणि अस्तर असलं तरी बाहुलीच्या अंगावर ठेवून साठवायचं नाही. लाल, काळा, गडद निळा यांच्यावर विश्वास नको.

पडलेल्या डागावर बेन्झॉइल पेरॉक्साइडचं १० टक्क्यांचं मलम फक्त डागापुरतं लावून, वर पातळ प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवतात, रोज पाहतात आणि धुतात. पण ते ब्लीच आहे: भोवतालचं अंगही फिकट होऊ शकतं, रंगवलेला चेहरा तर गेलाच समजा. डाग खोल असेल तर काही दिवसांनी परत वर येतो. फिकट छटा असेल तर ती अस्तराखाली राहू देणं जास्त शहाणपणाचं.

धातूही पाहा. १९५९ पासूनच्या सुरुवातीच्या बार्बींना धातूच्या कुड्या होत्या. त्यांतल्या तांब्यामुळे कानाभोवती हिरवा डाग चढतो, संग्राहक त्याला ‘ग्रीन इअर’ म्हणतात. पितळी टिचबटणही व्हायनिलवर वर्षानुवर्षं टेकून राहिलं तर तेच करतं. लोखंडी टाचण्या आणि रबरबँड डब्यात नकोतच.

ठेवण्यापूर्वी स्टार्च धुऊन काढा, कसर त्यावरच येते. कपड्यांत बिनआम्लाच्या टिश्यू कागदाची सैल गुंडाळी भरा, म्हणजे घडी मोडत नाही. रेशीम आणि लोकर असेल तर अल्कली न मिसळलेला टिश्यू. डांबरगोळ्या अजिबात नाहीत, त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते. लोकरीत कीड दिसली तर मणी-टिकल्या नसलेले कपडे पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर आत पाणी सुटतं.

उरेबपट्टी
@डबाबंद, लाकडी चिमुकल्या कपाटांचं काय? ती दिसायला छान, पण एमडीएफ आणि प्लायवुडमधून आम्लाची वाफ निघते.

डबाबंद
मांडणीपुरती ठीक, साठवणुकीला नाही. आतून पॉलिएस्टर फिल्म लावून घेतली तर जरा बरं. हँगर १ मिमी तारेचा, ५ सेंमी रुंद, कापडाने गुंडाळलेला. फोमचे नकोत, भुगा होतो. आणि विणलेलं, उरेब (तिरकं) कापलेलं किंवा मणीकाम केलेलं काही टांगायचं नाही. मण्यांचं वजन खांद्यांच्या शिवणीवर येतं. असे कपडे सपाट, एकावर एक तीनच.

चौदानंबरनको
डब्यावर चिठ्ठी लावताना बूट-पट्टा-टोपी कोणत्या ड्रेसची तेही लिहा. पण चिकटणारं लेबल कपड्याच्या पाकिटावर आतून नको, बाहेरून.