घरात म्युझिक सिस्टीम नसताना गाणं कसं ऐकता?

अंबाजोगाईची:
पोरीच्या नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहायलोत आम्ही दोघी. ॲम्प्लिफायर आणि दोन्ही मोठे स्पीकर अंबाजोगाईलाच ठेवून आले. इथं मांडायला जागा नाही, आणि भिंतीपलीकडं अजून पोरी अभ्यासाला बसलेल्या असतात.
आता गाणं म्हणजे ओट्यावर तांब्याला टेकवलेला मोबाइल. शब्द सगळे कळतात, पण गाणं चढत नाही. परवा नाथराव नेरळकरांचं गाणं लावलं, तर तबल्याची नुसती टिकटिक, डग्गा गायबच. तानपुरा म्हणजे कानाशी डास. भाकरी थापता थापता बंदच करून टाकलं. घरचे म्हणतात, दोन वर्षं गाण्यावाचून काय अडतंय? मला अडतंय हो. दिवस जात नाही. कुणी असं राहिलंय का? काय केलंत?

परभणीचा तबलजी:
ताई, तुमचा कान बरोबर सांगायलाय. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा षड्ज (सा) साधारण १३८ हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला तेवढी हवा हलवताच येत नाही. डग्ग्याची घुमकही तिथंच गळते. वरचे स्वर ऐकून कान खालचा सूर ओळखतो, म्हणून राग कळतो, पण अंगावर येत नाही.
कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन घ्या. भिंतीपलीकडं काही जाणार नाही. मोबाइल पातेल्यात ठेवायचा उपाय कुणी सांगेल. त्यानं आवाज वाढतो, खर्ज येत नाही.

गंगाखेडकर:
कान झाकून स्वयंपाक करायचा तर कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार? आमच्या घरात सिस्टीम कधीच नव्हती. सकाळी साडेसातला विविध भारतीवर 'संगीत सरिता', आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि एकादशीचं भजन, यावर आम्ही वाढलो. जनाबाईच्या गावचे आम्ही! ताई, गल्लीतलं भजनी मंडळ शोधा आणि पखवाजाशेजारी बसा. त्याची धुम मांडीला लागते.

अंबाजोगाईची:
दादा, भजनाला जाईनच, पण त्यानं माझं भागणार नाही. भजनात मी गात असते, टाळ हातात असतो. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं शास्त्रीय गाणं, ऐकायला गप्प बसावं लागतं. पोर क्लासला गेली की दुपारी हेडफोन लावून बसेन, स्वयंपाक तेव्हा उरकलेला असतो. तबलजी, एक विचारते. तिकडं स्पीकर नुसते पडून खराब होतात का?

परभणीचा तबलजी:
पडद्याच्या कडेला फोम असेल तर वर्षांनी भुगा होतो. रबर असेल तर बराच काळ टिकतं. ओल आणि उंदरांपासून जपा. सणावाराला गेलात की आधी हळू आवाजात तासभर वाजवा, मग वाढवा. कड फाटली तर नुसती कड बदलून मिळते, अख्खा स्पीकर टाकू नका.