मदत हवी आहे: पुरानंतर घर, दुकान आणि रुग्णालय, तिघांचे दावे कसे मांडायचे?

प्रश्न (ओलीभिंत):
तळमजल्यावर दुकान, त्याच्या मागे घर, वर २० खाटांचं रुग्णालय. रुग्णालयाचं एक्स-रे मशीन, जनरेटर आणि औषधांचं कोठार मात्र खालीच होतं. तिघांचे मालक वेगळे, विमा पॉलिसी वेगळ्या. चिखल काढण्याआधी काय नोंदवायचं? विमा आणि सरकारी मदत, दोन्हीकडे अर्ज केला तर चालतो का? दुकान बंद आहे, त्या नुकसानीचं काय?

पावतीबुक:
सर्व्हेअर (नुकसान मोजायला विमा कंपनी नेमते तो) येईपर्यंत काहीच हलवायचं नाही, ही समजूत महागात पडते. नुकसान वाढू न देणं ही विमेदाराचीच जबाबदारी असते, आणि ओल्या भिंतीवर, गादीवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. म्हणून कंपनीला लेखी कळवा, फोटो काढा आणि साफसफाईला लागा.

फोटो आधी खोलीचा, मग वस्तूचा, मग मॉडेल व सिरीयल नंबरच्या पट्टीचा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला जमिनीपासून मोजपट्टी लावून फोटो घ्या. कुठली वस्तू बुडाली असेल याचा वाद तिथेच मिटतो. फेकायच्या गालिच्याचा, पडद्याचा हातभर तुकडा कापून, चिठ्ठी लावून ठेवा. त्यावरून दर्जा कळतो.

भिजलेलं यंत्र "चालतंय का बघू" म्हणून सुरू करू नका. जीव धोक्यात येतोच, शिवाय शॉर्ट सर्किट झालं की नुकसान पुराचं की विजेचं, हा फाटा फुटतो.

ताळेबंद:
दुकानासाठी दोन गोष्टी.

पहिली, कमी रकमेचा विमा. माल ५० लाखांचा आणि विमा ३० लाखांचाच असेल, तर अशा पॉलिसीत सहसा 'ॲव्हरेज'चं कलम लागतं, म्हणजे विमा जितक्या प्रमाणात कमी तितकी भरपाईही कमी. २० लाखांचा माल भिजला तरी हिशेब २० × ३० ÷ ५० म्हणजे १२ लाखांचा, आणि त्यातूनही स्वतः सोसायची ठरलेली रक्कम वजा. "नुकसान तर विम्याच्या रकमेच्या आतच आहे ना" हा युक्तिवाद इथे चालत नाही. म्हणून पुराच्या दिवशी गोदामात खरोखर किती माल होता ते खरेदी-विक्रीच्या नोंदींवरून काढा. पडून राहिलेला, न खपणारा माल पूर्ण भावाने धरला असेल तर आकडा फुगतो, विमा आणखी तोकडा दिसतो आणि कात्री तुमच्यावरच चालते.

दुसरी, धंदा बंद राहण्याचं कव्हर. ते मालाच्या पॉलिसीत आपोआप नसतं, वेगळं घ्यावं लागतं. असेल तर भरपाई विक्रीची नाही, बुडालेल्या ढोबळ नफ्याची (विक्रीतून मालाची किंमत आणि विक्रीबरोबर घटणारे खर्च वजा जाता उरतं ते) मिळते. समजा गेल्या वर्षी याच महिन्यांत विक्री २४ लाख होती, यंदा ६. घट १८ लाख, ढोबळ नफा ३० टक्के, म्हणजे ५.४ लाख. ती ६ लाखांची विक्री १ लाख भाड्याच्या तात्पुरत्या जागेतून झाली असेल तर भाडंही मागता येतं, कारण त्या लाखाने १.८ लाखांचा नफा वाचवला. खर्च वाचवलेल्या नफ्याहून जास्त झाला, तर वरचा भाग सहसा आपल्या खिशातून. न झालेला खर्च, उदाहरणार्थ वीजबिल, यातून वजा होतो.

थर्मामीटर:
रुग्णालयाबद्दल. लशी आणि इन्सुलिनचा न वापरलेला साठा २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचा असतो. पाणी लागलं नसलं तरी वीज गेल्याने ते बाद होऊ शकतात, आणि पुरावा म्हणजे तापमानाची नोंदवही. नष्ट करण्याआधी नाव, बॅच नंबर, मुदत, नग यांची यादी करून फार्मासिस्टची सही घ्या. विल्हेवाटीची पावती जोडा.

एक्स-रे मशीन "दुरुस्त होणार नाही" हे उत्पादकाच्या इंजिनिअरने लेखी द्यायला हवं. गावच्या इलेक्ट्रिशियनची चिठ्ठी टिकत नाही. मशीन भाड्याचं असेल तर विमा कोणी काढायचा होता ते करारात बघा.

आपत्तीच्या खर्चाला पहिल्या दिवसापासून वेगळं खातं उघडा. काही मदत योजनांत नेहमीचा पगार धरत नाहीत, जादा तासांचा मोबदला धरतात. हजेरीपत्रकात तास वेगळे दिसत नसतील तर तोही जातो.

पावतीबुक:
दुसरा प्रश्न राहिला. अर्ज दोन्हीकडे करा, पण एकाच वस्तूचे पैसे दोनदा मिळत नाहीत. मदत बहुधा विम्याने न भरलेल्या भागापुरती असते आणि दुहेरी रक्कम नंतर वसूल होऊ शकते, तेव्हा विम्याची माहिती लपवू नका. विम्याच्या निकालाची वाट पाहत मदतीची मुदत मात्र घालवू नका. विमा कंपनीचं नकारपत्र लेखीच मागा, मदतीच्या फाइलला ते लागतं.

ओलीभिंत:
मनापासून आभार. सर्व्हेअर मालाचा आकडा मान्य करतोय, वाद फक्त फर्निचरचा. तोवर कर्जाचे हप्ते पुढे ढकलून घ्यावेत का?

ताळेबंद:
घ्या, पण हप्ते थांबले म्हणजे व्याज थांबलं असं नाही. ते सहसा मुद्दलात चढतं. त्याआधी मालाच्या मान्य रकमेपैकी अंतरिम पैसे लेखी मागा. देताना "पूर्ण व अंतिम" असं छापलेल्या कागदावर सही मागितली, तर रक्कम फक्त मालापोटी असून फर्निचरचा दावा कायम आहे, असं त्याच कागदावर लिहून घ्या.