पोर्टलमुळे शिस्त गेली म्हणणाऱ्यांसाठी

बाकावरचा: ‘कोचने आवाज चढवला की पोरगं दुसऱ्या दिवशी पोर्टलमध्ये. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची शिस्त संपली,’ असं काल एकाने ठणकावून लिहिलंय. राहवलं नाही. पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आलं ऑक्टोबर २०१८ मध्ये. त्याआधी दुसऱ्या कॉलेजशी बोलायलासुद्धा आपल्याच कॉलेजची परवानगी लागायची, आणि गेलात तर बास्केटबॉल-फुटबॉलवाल्याचं (अमेरिकन फुटबॉल) एक वर्ष बाकावर जायचं. आता कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कचेरीला) कळवलं की दोन कामकाजाच्या दिवसांत नाव चढवावंच लागतं. वर्षभर बसायची अट २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती गेली, एप्रिल २०२४ मध्ये अभ्यासात पास असणाऱ्यांसाठी पूर्णच गेली. पूर्वीची पोरं शिस्तीमुळे टिकत होती हे कशावरून ठरवलंत?

शिट्टीवाला: मग इझोचं काय? मार्च २०१९, कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतली ब्रॅडलीविरुद्धची मॅच. मिशिगन स्टेटचा कोच टॉम इझो टाइमआऊटमध्ये आरन हेन्रीच्या अंगावर धावून गेला, संघातल्या पोरांनीच त्याला आवरलं. देशभर बोंब झाली. फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा होता हेन्री. गेला का सोडून? त्याच स्पर्धेत एलएसयूविरुद्ध २० गुण काढले आणि २०२१ पर्यंत तिथेच खेळला. कडक कोच नको असतात ते तुमच्यासारख्या प्रेक्षकांना.

पाचवी: हेन्री पहिल्या पाचात होता हो! मॅचची मिनिटं मोजा. ४० गुणिले ५, म्हणजे २००. पहिल्या पाचांनी तीस-तीस खाल्ली की उरली ५०, आणि ती वाटायची उरलेल्या दहा जणांत. नवव्या-दहाव्या गड्याशी कोच गोड बोलो नाहीतर खेकसो, एप्रिलमध्ये तो दुसरीकडे बघणारच. वर पैसा आहेच. २०२५-२६ पासून कॉलेजच खेळाडूंना पैसे देऊ शकतं, त्या वर्षी मर्यादा एकूण दोन कोटी पाच लाख डॉलर होती. आणि कोच काय करतात? डिसेंबर २०२२ मध्ये कोलोरॅडोला कोच म्हणून आलेल्या डिऑन सँडर्सने पहिल्याच बैठकीत फुटबॉलच्या पोरांना पोर्टलचा रस्ता दाखवला. तेव्हा कुणी निष्ठेबद्दल बोललं नाही.

शिट्टीवाला: मिनिटांचं ठीक आहे, तेवढं घ्या. पण पोरांना पळवायचंच नाही का? साइडलाइन ते साइडलाइन सतरा वेळा, मिनिटाच्या आत. एक जण मागे राहिला की सगळ्यांनी पुन्हा. चौथ्या क्वार्टरचे पाय असेच तयार होतात.

बाकावरचा: पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये क्वार्टर नसतात, दोन हाफ असतात. आणि यूसीएलए कॉलेजचा बास्केटबॉल कोच जॉन वूडनचं बघा. १९७४-७५ मध्ये दोघा मानसशास्त्रज्ञांनी त्याच्या पंधरा सरावांत २,३२६ नोंदी केल्या. निम्म्याहून किंचित जास्त नुसत्या सूचना: काय करायचं, कसं करायचं. स्तुती ६.९ टक्के, रागावणं ६.६. आणखी ८ टक्के वेळा चूक सुनावून लगेच बरोबर कसं ते सांगणं. म्हणजे तो मऊही नव्हता आणि बोंबलतही नव्हता. सारखं शिकवत होता.

पाचवी: पळवण्याचा विषय काढलाच आहे तर मेरीलँड विद्यापीठाचा फुटबॉल संघ विसरू नका. २९ मे २०१८, ११० यार्डांच्या दहा स्प्रिंट. जॉर्डन मॅकनेअर उष्माघाताने कोसळला, १३ जूनला गेला. १९ वर्षांचा पोर.

शिट्टीवाला: ती शिक्षा नव्हती, ठरलेली चाचणी होती. उगाच कडक कोचच्या माथी मारू नका. चूक वैद्यकीय होती. तापमान घेतलं नाही, बर्फाच्या पाण्यात बसवलं नाही.

पाचवी: पाय लटपटत असताना पोरगा थांबत का नाही, हा प्रश्न वैद्यकीय आहे? चौकशी समितीने तिथल्या संघाच्या संस्कृतीला ‘विषारी’ म्हटलं नाही हे मलाही माहीत आहे. पण बोलायला खेळाडू घाबरत होते हे त्याच समितीने लिहिलंय. घाबरलेलं पोर ‘चक्कर येतेय’ म्हणत नाही, आणि ट्रेनरला (संघाच्या दुखापती-तब्येती बघणाऱ्याला) ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

बाकावरचा: ट्रेनरला कोचच्या हाताखाली ठेवलं की हेच होणार. सराव थांबवायचा शब्द त्याचाच हवा.

शिट्टीवाला: बरं. ट्रेनरचा शब्द शेवटचा, हे मान्य. बर्फाच्या पाण्याचा टब मैदानाशेजारी हवा, तेही मान्य. इझोबद्दल एक अक्षर मागे घेणार नाही.

पाचवी: शेजारी असून भागत नाही, सराव सुरू व्हायच्या आधी भरलेला हवा. काखेतलं किंवा तोंडातलं तापमान व्यायामानंतर फसवतं, गुदद्वारातूनच घ्यायचं. ४०.५ अंशांच्या वर आणि पोरगा असंबद्ध बोलतोय, तर मानेपर्यंत पाण्यात. एकाने काखेखालून धरायचं, दुसऱ्याने पाणी सतत ढवळायचं, नाहीतर अंगालगतचं पाणी तापून बसतं. अर्ध्या तासाच्या आत ३८.९ वर आणायचं, मग बाहेर. अ‍ॅम्ब्युलन्स दारात उभी असली तरी आधी टब.