ब्लड ऑरेंज आतून फिकट निघतं, ते कच्चं असतं का? मार्मलेडसाठी जात सुचवा

नमस्कार मंडळी,

ब्लड ऑरेंज, म्हणजे लाल गराची संत्री, आणली आहेत. एक कापलं तर गर बीटासारखा जांभळट लाल. त्याच लॉटमधलं दुसरं कापलं तर नारिंगी गरात सालीलगत नुसत्या लाल रेघा. दोन्ही रसाळ. फिकट होतं तेच जास्त गोड लागलं. गडद फळ आंबटसर, मागाहून किंचित कडवट, आणि वास थेट रासबेरीच्या वळणाचा.

फिकट फळ कच्चं समजायचं का? सालीवरून आतला रंग ओळखता येतो का? गुलाबी गराची कारा कारा यातलीच का? खरं तर मार्मलेड (सालीच्या कापांसकट केलेला जॅम) करायचंय आणि हा रंग बाटलीत उतरायला हवा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

फिकट म्हणजे कच्चं नव्हे. हा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, आणि तो बनायला थंडी लागते. रंगाची सूत्रं रूबी नावाच्या जनुकाकडे असतात. साध्या संत्र्याच्या गरात ते गप्प असतं. ब्लड ऑरेंजमध्ये त्याच्या शेजारी जागा बदलणारा एक डीएनएचा तुकडा येऊन बसलाय आणि थंडीत तो रूबीला जागं करतो. इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये हे उलगडून दाखवलं. इटलीतल्या सिसिली बेटावर एटना ज्वालामुखीच्या परिसरात दिवसा ऊन आणि रात्री गारठा, म्हणून तिथली फळं इतकी रंगतात. एकाच झाडावरची दोन फळंही सारखी निघत नाहीत. तोडलेली फळं 8 ते 10 अंशांत काही आठवडे ठेवली तर रंग आणखी चढतो.

तुमचं गडद फळ बहुधा मोरो जातीचं असावं, रंगात तिचा हात कुणी धरत नाही. फिकट आणि गोड ते तारोक्को असेल. नुसतं सोलून खायला माझं मत बिनदिक्कत तारोक्कोला. तिसरी सांग्विनेल्लो, मूळची स्पेनची, हंगामात उशिरा येते. सालीवर मात्र विसंबू नका, वरून साधं नारिंगी दिसणारं फळही आत लालभडक असू शकतं.

कारा कारा वेगळी. तिचा गुलाबी रंग टोमॅटोतल्या लायकोपीनचा, त्याला थंडीची गरज नसते. ही जात 1976 मध्ये व्हेनेझुएलात सापडली.

धागाकर्ती

मनापासून आभार! म्हणजे मार्मलेडला मोरो. पण शिजवल्यावर रंग तपकिरी होत नाही का?

प्रतिसाद २

फार वेळ उकळलं तर होतो. अँथोसायनिनला आंबटपणा मानवतो, उष्णता सोसत नाही. म्हणून सालीचे काप आधी पाण्यात वेगळे शिजवा, बोटांनी दाबल्यावर सहज तुटतील इतके मऊ. साखर पडल्यावर साल आणखी मऊ होत नाही, तेव्हा इथे घाई नको. मग रस, साखर आणि लिंबाचा रस घालून रुंद स्टीलच्या पातेल्यात मोठ्या आचेवर भराभर आटवा. घाणा लहानच घ्या. साल लवकर शिजावी म्हणून काहीजण खायचा सोडा घालतात, तो अजिबात नको, लाल रंग निळसर मळकट होतो.

मोरोत बिया जवळजवळ नसतातच. त्यामुळे लिंबाच्या बिया पुरचुंडीत बांधून सालीबरोबर उकळा, त्यातल्या पेक्टिनने, म्हणजे घट्टपणा आणणाऱ्या घटकाने, मार्मलेड छान धरतं. गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकला. सुरकुती पडली की गॅस बंद.