फूटपाथच्या कडेला उभा माणूस रस्त्यात उतरेल का, हे गाडीने कसं ओळखायचं?

समीकरण:
सिम्युलेटरमध्ये स्वयंचलित गाडीचा प्लॅनर, म्हणजे तिची पुढची हालचाल आखणारा भाग, लावतोय. पादचाऱ्यांसाठी सध्या साधा हिशेब आहे. कालमन फिल्टरने (गोंगाटी मोजमापांतून खरी स्थिती अंदाजणारी पद्धत) जागा आणि वेग काढायचा आणि पुढचे ५ सेकंद तोच वेग, तीच दिशा धरायची. चालत्या माणसाला हे पुरतं. कडेला थांबलेल्याचा वेग मात्र शून्य येतो, गाडी त्याला खांब समजते आणि तो उतरल्यावर फार उशिरा ब्रेक लागतो. कडेपासून २ मीटरच्या आतल्या प्रत्येकासाठी ब्रेक लावून पाहिला, तर गाडी जागची हलत नाही. वेग ताशी ४० किमी. एलएसटीएम (आधीच्या हालचालींच्या क्रमावरून पुढचा अंदाज शिकणारं न्यूरल नेटवर्क) वापरलं तर सुटेल का? की मार्ग आखतानाच हे धरायला हवं?

मंदगती:
आधी दोन थर वेगळे करा. नकाशावरचा मार्ग ठरवताना एकेका माणसाचा विचार होत नाही. तिथे फार तर गर्दीच्या रस्त्याची किंमत वाढवतात. तुमचा प्रश्न पुढच्या ५ ते ८ सेकंदांच्या हालचालीचा आहे, आणि ती साधारण दर ०.१ सेकंदाला नव्याने आखावी लागते.

आता अंतरं बघा. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. यंत्रणेचा विलंब ०.३ सेकंद धरला, तर ३ मी/से² च्या सौम्य ब्रेकने थांबायला सुमारे २४ मीटर लागतात, ६ मी/से² च्या जोरदार ब्रेकने १४. हाच वेग ३० वर आणला तर सौम्य ब्रेकनेसुद्धा १४ मीटरच पुरतात! त्यामुळे ‘थांबू की जाऊ’ हे लगेच ठरवायची गरजच नाही. दोन शाखांची योजना करा: एकीत माणूस उभा राहतो, दुसरीत उतरतो. पहिला १ ते १.५ सेकंद दोन्हींना सामाईक ठेवा आणि अट घाला की त्यानंतरही दुसऱ्या शाखेत सौम्य ब्रेकने थांबता आलं पाहिजे. गाडी आपोआप पाय सैल सोडते, पण थांबत नाही. तुमची अडकलेली गाडी मुख्यतः याने सुटेल.

बिंदुमेघ:
त्या शाखांना शक्यता कुठून द्यायची, ते सांगतो. एकाच कालमनऐवजी ‘उभा’ आणि ‘चालता’ अशी दोन मॉडेलं समांतर चालवा. थांबलेला माणूस साधारण सेकंदाभरात १.४ मी/से गाठतो, एवढी मोकळीक बदलाच्या गृहीतकात हवी.

एक चूक हमखास होते. वेग ०.३ मी/से च्या खाली गेला की वेगावरून काढलेली दिशा निव्वळ गोंगाट असते. माणूस जागच्या जागी गिरक्या घेतोय असं दिसतं. तिथे दिशा खांदे आणि कंबर यांच्या ठेवणीवरून घ्या. पुढे झुकलेलं धड आणि कडेकडे टाकलेलं पाऊल ही खरी उपयोगाची चिन्हं. नुसती वळलेली मान फसवते, कारण गाडीकडे बघणारा बऱ्याचदा तिला जाऊ देण्यासाठीच बघत असतो. सरावाला टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठाचे जेएएडी आणि पीआयई हे डेटासेट घ्या. रस्ता ओलांडण्याच्या वर्तनाच्या खुणा त्यात केलेल्या आहेत.

सावध_चाक:
मॉडेल बदलण्याआधी ट्रॅकिंग, म्हणजे एकाच माणसाचा सलग माग ठेवणं, तपासा, हे मी आग्रहाने सांगेन. १८ मार्च २०१८ रोजी अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी इथे उबरच्या चाचणी-गाडीच्या धडकेत सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा जीव गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार रडारने तिला ५.६ सेकंद आधी टिपलं होतं. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ ठरवत राहिली आणि प्रत्येक बदलाबरोबर आधीचा माग टाकून देत गेली. माग नाही, तर ती आडवी सरकतेय हे कळणार कसं? शिवाय झेब्राबाहेर कोणी रस्ता ओलांडेल ही शक्यता रचनेतच नव्हती. म्हणून वर्ग बदलला तरी जागा-वेगाचा इतिहास जपा, आणि झेब्रापासून दूर असला तरी ‘उतरेल’ची शक्यता शून्य करू नका.

उभ्या वाहनामागून येणारा माणूस तर दिसतच नाही. तिथे आडोशाच्या टोकाशी कल्पित पादचारी ठेवा. ते टोक ६ मीटरवर असेल तर वरच्याच विलंबाने आणि जोरदार ब्रेकने थांबायला वेग ताशी २५ किमीच्या आत हवा. १० मीटरवर असेल तर ३३ चालेल.

समीकरण:
माग पुसण्याची चूक माझ्याही कोडमध्ये आहे, वर्ग बदलला की नवा आयडी मिळतो. ते आधी दुरुस्त करतो. एलएसटीएमचं काय?

बिंदुमेघ:
ईटीएच आणि यूसीवाय या चालत्या माणसांच्या डेटासेटवरचे अशा मॉडेलांचे आकडे बघून भुलू नका. तिथे ३.२ सेकंद बघून पुढच्या ४.८ सेकंदांचा अंदाज करतात, दृश्य वरून टिपलेलं असतं आणि माणसं मुख्यतः एकमेकांना चुकवत चालतात. कडेला थांबून गाडीचा अंदाज घेणारा माणूस त्यात जवळजवळ नाहीच. शिवाय २० अंदाजांतला सर्वांत जवळचा निवडून चूक मोजायची पद्धत रूढ आहे, आणि गाडीला तो कोणता हे आधी कुठे माहीत असतं? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत तर या डेटासेटवर स्थिर वेगाचं मॉडेलही न्यूरल नेटवर्कच्या तोडीस तोड ठरलं होतं.

तुम्ही सरासरी चूक मोजू नका. उतरलेल्या माणसांपैकी किती जणांची ‘उतरेल’ शाखा गाडी २४ मीटरवर पोचण्याआधी जागी झाली, ते मोजा. आणि गाडी हळू झाली की माणूस उतरण्याची शक्यता वाढते, म्हणून सिम्युलेटरमधले पादचारी गाडीच्या वेगाला प्रतिसाद देणारे हवेत. ठरलेल्या वाटेवर चालणारे असतील तर हा आकडा फसवा येईल.