आरएक्सला डिस्क लावली म्हणून 'खरी' झाली का?

अमळनेरचा_टूस्ट्रोक: परवा इथे एकाने फोटो टाकला. यामाहाची आरएक्स १००, पुढे पल्सरचा फोर्क आणि डिस्क ब्रेक, मागे रुंद टायर, खाली एक्सपान्शन चेंबर, म्हणजे फुगीर पोटाचा सायलेन्सर. आणि ओळ काय, तर 'आता कुठे खरी आरएक्स झाली.' दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

भाऊ, खरी आरएक्स १९८५ ला आली तेव्हाच झाली होती. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. ती पळायची ती हलकी होती म्हणून. तू तिला किलोंनी लोखंड चढवलंस आणि वर चेंबर. चेंबरचा पुढचा कोन धूर ओढतो, मागचा कोन निसटलेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलतो. पण हे जमतं ठरावीक आरपीएमलाच, त्याच्या खाली गाडी मेलेली. माझ्या चुलतभावाने चेंबर लावला, मेन जेट (कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणारं भोक) मात्र जुनाच ठेवला. लळिंग घाटात इंजिन सीझ, जागेवर जाम. उघडलं तर पिस्टनवर चांदीसारखे उभे पट्टे, बोअरला नख लागेल असे ओरखडे. चेंबर विकणारा म्हणाला, 'घाटात कशाला नेली?'

केळीवाला_रावेर: जेट तुमच्या भावाने बदलला नाही, पाप चेंबरचं? वा.

१९९६ ला गाडी बंद झाली. 'ओरिजिनल' म्हणून डब्यात मिळतं त्यावर फक्त छाप ओरिजिनल असतो. माझं बोअरिंग (झिजलेला सिलिंडर आतून मोठा करणं) ०.२५, ०.५०, ०.७५ करत १.०० मिमीपर्यंत गेलं. पुढे काय, भंगारात घालू? आरएक्स १३५ चा बोअर, म्हणजे मोठा सिलिंडर चढवला. स्ट्रोक तोच ५० मिमी, बोअर फक्त ५८. यामाहानेही पुढे मोठ्या इंजिनची आरएक्सजी काढली ती अशीच ना? कंपनीने वाढवलं की प्रगती, आमच्या मिस्त्रीने वाढवलं की पाप!

आणि डिस्कवर बोलू नका. सावद्याच्या रस्त्यावर रात्री केळीची ट्रॉली उभी, मागे ना दिवा ना फांदी. ड्रम ब्रेक असता तर हे टाईप करायला मी नसतो.

अमळनेरचा_टूस्ट्रोक: आरसीत सीसी किती लिहिलीय हो? ९८ च ना?

केळीवाला_रावेर: तुम्ही आरटीओत आहात का?

धुळेकर_आप्पा: पोरांनो, शंभर सीसीवर काय भांडताय. राजदूत ३५० चालवली आहे का कोणी? १९८३ ची, दोन सिलिंडर, ३० च्या वर हॉर्सपॉवर. पेट्रोल प्यायची म्हणून लोकांनी नावं ठेवली आणि कवडीमोल विकली. मीही विकली. असो.

जळगाव_शांत_गल्ली: मला गाडीतलं काही कळत नाही. एवढं सांगा, सायलेन्सरची जाळी काढून पहाटे पाच वाजता गल्लीतून जाणं ही कोणती प्रगती? आईचं बीपी आहे. एकदा थांबवून विचारलं तर पोरगा म्हणतो, 'काका, हा आवाज नाही, फील आहे.'

अमळनेरचा_टूस्ट्रोक: जाळी काढली की खालचा पिकअपही जातो. आवाज वाढला म्हणून पळते असं वाटतं, एवढंच.

चोपडा_७८६: पार्ट गेले चुलीत. गाड्या मारतंय ते ई२०, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं. माझी महिनाभर उभी होती, कार्बोरेटरच्या वाटीत तळाला पाणी आणि पेट्रोल कॉकचा वॉशर भिजलेल्या हरभऱ्यासारखा फुगलेला. बदलायला पेट्रोल तरी दुसरं मिळतं का?

मका_पारोळा: इथेनॉलला शिव्या देऊ नका. मक्याला जरा भाव आला तो त्याच्यामुळेच. तुमच्या हौसेच्या गाडीसाठी आम्ही मका कोंबड्यांना घालायचा का?

चोपडा_७८६: मीही शेतकरीच आहे, माले नको शिकाडू भो. भाव किती दिवस टिकला ते सांगा. व्यापाऱ्याने ओल काढून किती कापले?

मका_पारोळा: ओल तर कापसालाही काढतात! व्यापारी कापसात बोट घालून बघतो आणि भाव पाडतो. तो विषयच वेगळा आहे.

धुळेकर_आप्पा: कापसाचं काढू नका. रात्र जाईल.

चोपडा_७८६: काढणारच. मागच्या वर्षी माझी गाडी सहा तास जिनिंगच्या फाटकावर उभी…

केळीवाला_रावेर: अहो, इथे डिस्कबद्दल बोलत होतो!

अमळनेरचा_टूस्ट्रोक: बरं, डिस्क ठेवा. ट्रॉलीवाल्यामुळे मान्य. पण चेंबर लावलाय तर मेन जेट वाढवा, प्लग काढून बघा. टोक पांढरं दिसलं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तर पुढचा घाट तुमचा आहे.

केळीवाला_रावेर: कळवल्याबद्दल आभारी आहे, गुरुजी. प्लग कालच बघितला.

अमळनेरचा_टूस्ट्रोक: मग?

केळीवाला_रावेर: पांढराच आहे. जेट कितीचा घालू?