काढलेलं पित्ताशय दर वेळी तपासायला पाठवायचं का?

प्रश्न (खानापूर): खड्यांसाठी दुर्बिणीतून काढलेलं पित्ताशय बेळगावच्या लॅबला पाठवायलाच हवं का? सर्जन म्हणतात, भिंत साधी दिसली तर गरज नाही.

उत्तर १: पाठवाच. कॅन्सर क्वचितच निघतो, गंगेच्या खोऱ्यापेक्षा आपल्याकडे कमीच. पण सुरुवातीचा सपाट कॅन्सर सोनोग्राफीतून निसटतो, नुसत्या डोळ्यांनाही दिसेलच असं नाही. टी१ए (अस्तरापुरताच, स्नायूच्या थरात न शिरलेला) असेल तर झालेलं ऑपरेशन पुरतं. त्यापुढे गेला असेल तर बहुधा लगतचं यकृत आणि लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. रिपोर्टच नाही तर हे कळणार कसं?

उत्तर २ (निपाणी): खरा घोळ बरणीत होतो. पित्ताशय न उघडता टाकलं की फॉर्मॅलिन (नमुना टिकवणारं द्रावण) आत नीट शिरत नाही आणि पित्तानं अस्तर विरघळतं. उभं चिरा, पित्त काढा, रुंद तोंडाच्या बरणीत नमुन्याच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिन घ्या. सलाईनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी बसनं धाडलेला नमुना लॅबला वाचता येत नाही. पित्ताशयाच्या नळीच्या कापलेल्या टोकाचाही तुकडा तपासायला सांगा.

प्रश्नकर्ता: मग परदेशात निवडक तपासणी करतात ती?

उत्तर १: नेदरलँड्समध्ये करतात, पण तिथं सर्जन प्रत्येक पित्ताशय उघडून अस्तर बघतो, बोटानं चाचपतो. ते न करता नुसतं ‘साधं दिसलं’ म्हणणं म्हणजे अंदाजपंचे.